बाल्कनीपलीकडची कौतिका

भूत, पिशाच्च, करणी, भानामती... यातलं मी काहीही मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. मानायची सोयच नव्हती हो! आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच गंडेदोरे, नवस, अंगात येणं असं सगळं सामान घराबाहेर गेलं. लहानपणी मी एकदा म्हटलं, "चिंचेखाली हडळ असते," तर वडिलांनी मला आठवडाभर त्या चिंचेखालीच अभ्यासाला बसवलं. हडळ काही आली नाही. मी चिंचा मात्र इतक्या खाल्ल्या की दात आंबले.

दुसरी गोष्टही कबूल करते. मला गोष्ट रंगवून सांगायची सवय आहे. आमच्या मंडळात म्हणतात, मेश्रामबाईंनी सांगितलेला पाऊस निम्मा धरावा आणि छत्री घरी ठेवावी. त्यामुळे हे लिहिताना हात आखडतोय... कारण यात मी एका शब्दाचीही भर घातलेली नाही. घालता आली असती तर बरं झालं असतं.

साधारण दोन हजार सहाची गोष्ट. आम्ही तेव्हाही सिंगापुरात यिशुनलाच राहायचो. आमचे मेश्राम मरीन इंजिनीअर. उमेदीची सगळी वर्षं जहाजांच्या पोटात घालवली आणि मग सिंगापुरातच किनाऱ्यावरची नोकरी धरली. मूळचे भंडाऱ्याकडचे. मी पुण्याची, येरवड्याची. बाहेर ते माझ्यासारखं मराठी बोलतात, पण रागावले, घाबरले किंवा झोपेत असले की अस्सल तिकडची बोली बाहेर पडते. मला ती समजते, बोलता मात्र येत नाही. एकदा नक्कल करायला गेले तर नणंद, सुमनताई, म्हणाल्या, "वहिनी, तू राहू दे वं. ऐकवत नाई." हे लक्षात ठेवा.

तर मेश्रामांच्या ऑफिसच्या पार्टीत लकी ड्रॉ निघाला आणि बक्षीस काय, तर दोघांसाठी क्रूझ! सिंगापूरहून निघायचं, पेनांग-फुकेत करून परत. बाल्कनीवाली केबिन, आणि पहिल्या संध्याकाळी त्या बाल्कनीतच जेवण. मी नाचायची बाकी राहिले. मेश्रामांचं तोंड मात्र कारलं खाल्ल्यासारखं.

"अगं, हलवायाला पेढ्यांची पार्टी देतात का कोणी? जन्म गेला जहाजावर."

"खाली गेला तुमचा जन्म. वर कोण गेलंय? चला गुपचूप."

त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन महिना-दीड महिना झाला होता. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं होतं. फक्त पोटावर ताण नको, जड उचलणं नको, जोरात खोकणं नको. आता खोकू नका हे सांगितलं होतं, उचकीचं कोणीच काही बोललं नव्हतं.

केबिन छान होती. बाल्कनीत दोन खुर्च्या, एक गोल टेबल, काचेचा कठडा आणि शेजारच्या बाल्कनीशी मध्ये एक पांढरी फळी. ती खालून वीतभर उघडी होती, त्या फटीतून पलीकडची जमीन दिसायची. मी पोहोचल्या पोहोचल्या कठड्यावरून वाकून पलीकडे डोकावले. (अशी संधी कोणी सोडतं का?) तिकडे व्हीलचेअरमध्ये एक म्हातारी चिनी बाई बसलेली. बारीकशी, केस पांढरेशुभ्र, पायात फुलाफुलांच्या चपला. आणि तिच्या मांडीवर शाल पसरणारी तिची मुलगी.

मुलगी म्हणजे आयरीन. सिंगापुरातच मरीन परेडला राहणारी, शाळेत क्लार्क, लग्न न केलेली. ती सिंगापुरी इंग्रजीत बोलायची. मी इथे मराठीत लिहिते, पण वाक्याच्या शेवटी येणारा तिचा 'लाह' काढत नाही. तो काढला तर आयरीन उरणार नाही.

"आंटी, आवाज झाला तर सांगा हं. मी आईशी सारखी बोलत असते."

आंटी! माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी लहान बाई, आणि मी आंटी! पण पुढचं ऐकलं आणि माझा राग जागच्या जागी विरला. आईला दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला होता. तेव्हापासून तिने एक शब्द उच्चारला नव्हता. ऐकू येत होतं, हाताला हात लावला की बोटं हलायची, पण वाचा गेली ती गेली. थेरपी झाली, सुया टोचून झाल्या, देवळात जाऊन झालं.

"ती लहानपणी समुद्राकाठच्या वस्तीत राहायची. म्हटलं, समुद्र बघून कदाचित बोलेल. एकच शब्द बोलली तरी पुरे, लाह. मला शिवी दिली तरी चालेल. पूर्वी खूप द्यायची." असं म्हणून आयरीन हसली, आणि हसता हसताच तिने तोंड फिरवलं.

मेश्राम आतून म्हणाले, "झालं का हेरगिरी करून?"

जहाज निघालं तेव्हा ऊन कललं होतं. बाहेर नांगर टाकून उभी असलेली जहाजंच जहाजं. आमचे हे एकेकाकडे बोट दाखवून "हे माझ्या हाताखालून गेलंय" असं सांगत होते, जशी काही शाळेतली पोरं. तेवढ्यात फिलिपिनो स्टुअर्डने टेबल मांडलं. पांढरी चादर, घडी घातलेले नॅपकिन, बॅटरीवर लुकलुकणारी खोटी मेणबत्ती, मासा, बटाटे, आणि प्लेटच्या कडेला सॉसची अशी बारीक रेघ, जणू कोणी पुसायचं विसरलंय. मेश्रामांनी एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं.

"आणलायस?"

"काय?"

"नाटक नको करू."

आणला होता. कोल्ड क्रीमच्या रिकाम्या बाटलीत हिरव्या मिरचीचा ठेचा, नीट कपड्यात गुंडाळून. मेश्रामांनी तो त्या परदेशी माशावर असा थापला की स्टुअर्ड असता तर रडला असता. दुसऱ्या घासाला सुरू झालं —

"उच्क्!"

पहिल्यांदा आम्ही दोघंही हसलो. पाणी प्यायले. उच्क्. साखर खाल्ली. उच्क्. श्वास रोखला, लालबुंद झाले, सोडला... उच्क्! आणि प्रत्येक उचकीला हात पोटावर, टाक्यांच्या जागी. मघाचं हसू माझ्या तोंडावर तसंच थिजलं.

मी आत जाऊन फोन केला. जहाजाचा दवाखाना म्हणाला, डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे आहेत, येतील. थोडं थोडं पाणी देत राहा. पाणी तर चाललंच होतं. येऊन बघते तर मेश्राम कठडा धरून वाकलेले, कपाळावर घामाचे थेंब.

"टाका उसवतोय असं... उच्क्... वाटून राह्यलं." त्यांची ती गावाकडची भाषा बाहेर पडली. म्हणजे खरंच घाबरले होते.

आता अशा वेळी मराठी बाई काय करेल? नावं घ्यायला लागेल. उचकी लागली म्हणजे कोणीतरी आठवण काढतंय, बरोबर माणसाचं नाव आलं की थांबते. आमच्या घरातून सगळं गेलं, पण हे राहिलं होतं. वडीलसुद्धा काही म्हणायचे नाहीत. ही अंधश्रद्धा नाही, हा खेळ आहे, अशी आईची पळवाट.

"सुमनताई?"

"उच्क्. वेडेपणा... उच्क्... करू नको."

"भंडाऱ्याचे मामा? तुमचा तो ग्रीक कॅप्टन? ऑफिसमधला सुब्रमण्यम?"

"उच्क्!"

"लेक? तिला कशाला आठवण येईल म्हणा, पैसे संपले असतील तरच. सासूबाई?"

"ती जाऊन... उच्क्... किती वर्षं झाली!"

"मग मंदा?"

"कोण मंदा?"

"कॉलेजातली. फोटो मी पाहिलाय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या भीतीतही मला हसू फुटलं. पण उचकी थांबली नाही. नावं संपत आली. माणसं संपली तशी मी जहाजांची नावं घेतली, गावच्या म्हशीचं घेतलं. उन्हाची तिरीप गेली. मेश्रामांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला. मी त्यांच्या पोटावर माझा हात दाबून उभी होते, आणि प्रत्येक उचकी माझ्या तळहाताला धक्का देत होती. समोर अख्खा समुद्र, आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

तेवढ्यात फळीपलीकडून आवाज आला.

"कौतिकेचं नाव घेऊन पाय नं वं माय. थेच आठवन काढून राह्यली त्याची."

म्हाताऱ्या बाईचा आवाज. थोडा घोगरा, थोडा वैतागलेला. चुलीपाशी बसलेली बाई मान न वळवता सुनेला सांगते, तसा. मी विचारच केला नाही. आवाज कुठून आला, कोणाचा, काही नाही. तोंडातून गेलं, "कौतिका?"

उचकी थांबली.

हळूहळू कमी होऊन नव्हे. नळ बंद करावा तशी. माझ्या हाताखाली त्यांचं पोट शांत झालं. ते सावकाश सरळ झाले, माझ्याकडे बघितलं, मग फळीकडे.

"कोन बोललं?"

मी खाली बघितलं. फटीतून व्हीलचेअरची चाकं दिसत होती आणि फुलाफुलांच्या चपला. दुसऱ्या कोणाचेही पाय नव्हते.

मग पलीकडचं काचेचं दार धाडकन सरकल्याचा आवाज आला आणि कठड्यावरून आयरीनचं डोकं बाहेर. हातात वाटी, चमचा. पेज भरवायला आणत होती.

"आंटी! कोण बोललं? तुम्ही?"

"नाही."

"तुमचे मिस्टर?"

मेश्रामांनी मान हलवली.

"मग कोण? मी आवाज ऐकला. दारातून ऐकला. मला आईचा आवाज माहीत आहे, लाह! तो आईचा होता!"

मी काय सांगणार? सांगितलं. तुझी आई बोलली. आमच्या भाषेत बोलली. माझ्याही नाही, माझ्या नवऱ्याच्या गावाकडच्या भाषेत. म्हणाली, कौतिकेचं नाव घेऊन बघ, तीच त्याची आठवण काढतेय.

आयरीनच्या हातातली वाटी कलली, पेज कठड्यावर सांडली. ती खाली आईसमोर बसली असावी, कारण मग आम्हाला फक्त तिचा आवाज येत राहिला. तिच्या भाषेत, पुन्हा पुन्हा तेच. शब्द कळत नव्हते आणि तरी सगळं कळत होतं. 'पुन्हा बोल. आई, पुन्हा एकदा बोल.' पलीकडून काही नाही. मग ती रडत रडत ओरडली, "आंटी, तुम्ही विचारा! तुमच्या भाषेत विचारा!"

आम्ही धावत त्यांच्या केबिनमध्ये गेलो. आई समुद्राकडे बघत बसलेली, तोंड मिटलेलं, डोळ्यांत काही नाही. मी मराठीत विचारलं, आजी, काय म्हणालात? कौतिका कोण? मेश्राम तर गुडघ्यावर बसले. "आजी, अजून येक डाव बोल नं. तुही पोरगी पाय कशी रडून राह्यली." काही नाही. मग या माणसाने, ज्याचा पाच मिनिटांपूर्वी उचकीने जीव चालला होता, त्याने खोट्या उचक्या द्यायला सुरुवात केली. "उच्क्! आजी, पाय, उच्क्!" पोटावर हात धरून, त्या म्हातारीच्या पायाशी बसून. दारात जहाजाचे डॉक्टर येऊन उभे राहिले होते. त्यांना वाटलं, पेशंट हाच. तपासलं. टाके ठीक होते.

डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, स्ट्रोकनंतर कधीकधी एखादं वाक्य अचानक बाहेर पडतं. पण येणाऱ्या भाषेतलं. आईला काय काय येतं? आयरीन म्हणाली, तिओच्यू आणि थोडी होक्कियन या चिनी बोली, आणि बाजारापुरती मलय. हिंदुस्थानी माणसाशी संबंध? कधीच नाही. मग डॉक्टर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, मॅडम, तुम्ही काळजीत होतात, ऐकण्यात काही...

आयरीनने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. माझा हात धरला. "आंटी, तुम्ही मला बनवत नाही ना?"

मी, जिचा पाऊस निम्मा धरतात, ती मी. जन्मात इतक्या गंभीरपणे मी कशाला 'नाही' म्हटलं नसेल.

परत आल्यावर मेश्रामांनी सुमनताईंना फोन लावला. "कौतिका? आपल्याकडं अशी कोनी नाई बाप्पा. मामाला इचारते." मामांनी अख्खं गाव विचारलं. तीन-चार कौतिका निघाल्या. एक लहान मुलगी, बाकीच्या कधीच्या गेलेल्या, आणि एकीचाही आमच्या घराशी संबंध नाही. दाई नाही, शेजारीण नाही, शाळेतली बाई नाही. मी तर मंदाच्या खऱ्या नावाचीही चौकशी केली. ती मंदाच होती.

पण कौतिका राहिली बाजूला. आयरीन रविवारी आईला घेऊन यिशुनला येऊ लागली. एवढ्या लांबून, व्हीलचेअर घेऊन, बस आणि MRTच्या गाड्या बदलत. मी भात-वरण मऊ कालवून द्यायचे. मेश्राम आजींसमोर खुर्ची ओढून गावाकडचं काहीबाही बोलत बसायचे, म्हशी, धानाचे बांध, तळ्यातले मासे. हा माणूस माझ्याशी वर्षाला जेवढं बोलतो तेवढं एका दुपारी बोलायचा. आजी ऐकायच्या की नाही कोण जाणे. बोट हलायचं कधीकधी. आयरीन समोर बसून आईच्या ओठांकडे बघत राहायची.

एकदा ती स्वयंपाकघरात माझ्यामागे आली. म्हणाली, "दोन वर्षं मी रोज बोलते तिच्याशी. माझ्याशी नाही बोलली. तुम्हाला ओळखतही नव्हती, तुमच्याशी बोलली. का, आंटी?"

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. नसलं तर मी बनवते. पण तेव्हा मी चहाचं आधण ठेवलं.

मग ती म्हणाली, "मला ते वाक्य शिकवा."

शिकवलं. मला ती बोली जमत नाही म्हणून मेश्रामांनीच शिकवलं. आयरीनने एकेक शब्द पाठ केला, अर्थ विचारला, पुन्हा म्हटला. 'वं' तिला लवकर जमला. त्यांच्या 'लाह'चीच बहीण ती. 'आठवन' म्हणताना मात्र जीभ अडायची. "करेक्ट ऑर नॉट?" असं दहादा विचारायची. हेल कसा होता, शेवटी आवाज वर गेला की खाली, रागावली होती का... सगळं तिला माझ्याकडून हवं होतं. कारण ऐकलं मी होतं. तिच्या वाट्याला फक्त दारातून आलेला आवाज.

पुढच्या वर्षी आजी गेल्या. तोवर पुन्हा एक शब्द नाही.

मरीन परेडच्या त्यांच्या इमारतीखाली मोकळ्या जागेत मांडव घातला होता. गोल टेबलं, शेंगदाणे, सरबताची पाकिटं, पत्ते खेळणारे नातेवाईक. आम्ही पोहोचलो तेव्हा भर दुपार होती. आयरीन पांढऱ्या कपड्यांत पुढे आली, आम्हाला हाताला धरून शवपेटीपाशी घेऊन गेली. काचेतून चेहरा दिसत होता. तसाच, थोडा वैतागलेला.

आयरीन काचेवर वाकली आणि म्हणाली, "कौतिकेचं नाव घेऊन पाय नं वं माय. थेच आठवन काढून राह्यली त्याची."

अख्खं वाक्य. कुठेही अडली नाही. मागे तिच्या मावश्या, आत्या उभ्या होत्या, त्यांना वाटलं हा कुठला तरी मंत्र आहे. त्यांनी हात जोडले.

मग आयरीन मला म्हणाली, "आता तुम्ही म्हणा, आंटी. तिने तुम्हाला सांगितलं होतं."

आणि मी, व्यासपीठावर माईक न सोडणारी बाई, तोंड उघडून उभी राहिले. मेश्रामांनी माझ्याकडे पाहिलं, बूट काढून बाजूला ठेवले, पुढे झाले, आणि त्या काचेपाशी अगदी हळू म्हणाले, "बरं वं माय. घेतो नाव."

कौतिका कोण, हे आम्हाला आजही माहीत नाही. मरीन परेडच्या त्या बाईला ती कशी माहीत, हेही नाही. कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. माझ्यासाठी नको, आयरीनसाठी लिहा. ती अजून विचारते.